हमीपत्रावरच्या सह्या : एडिंबरोच्या ‘बीकन’ वृत्तपत्राचे प्रकरण (१८२१-२२)

१८२१ च्या जानेवारीत एडिंबरोमध्ये ‘द बीकन’ नावाचे एक साप्ताहिक निघाले आणि जेमतेम नऊ महिने चालून बंद पडले. स्कॉटलंडच्या वृत्तपत्रसृष्टीत इतक्या अल्पायुषी पत्राची दखल एरवी एखाद्या तळटीपेत घेतली गेली असती. परंतु या पत्रामुळे आणि त्याच्या मागोमाग निघालेल्या ‘ग्लासगो सेंटिनेल’मुळे एका सरदाराचा द्वंद्वात जीव गेला, एका वकिलावर खुनाचा खटला चालला, स्कॉटलंडच्या सर्वोच्च सरकारी वकिलाच्या वर्तनाची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटमध्ये झाली आणि वॉल्टर स्कॉट यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाला आपल्या एका सहीचा पश्चात्ताप करावा लागला. वृत्तपत्रातल्या मजकुराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणारे दुसरे प्रकरण त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये मला आढळलेले नाही. म्हणूनच जुन्या पुस्तकांत विखुरलेला त्याचा वृत्तांत येथे एकत्र मांडला आहे.

हा वृत्तांत मुख्यतः तीन ठिकाणी सापडतो. १८२२ साली छापलेला खटल्याचा अहवाल हे पहिले ठिकाण. हेन्री कोबर्न यांच्या मृत्यूनंतर १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणी हे दुसरे, आणि जॉन गिब्सन लॉकहार्ट यांनी लिहिलेले आपल्या सासऱ्यांचे, म्हणजे वॉल्टर स्कॉट यांचे चरित्र हे तिसरे. यांपैकी कोबर्न हे आरोपीचे वकील होते आणि पक्के व्हिग, म्हणजे सुधारणावादी विरोधी पक्षाचे होते. लॉकहार्ट टोरी, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे होते, आणि त्यांनी ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये केलेल्या लिखाणावरून पेटलेल्या वादात, याच प्रकरणाच्या सुरुवातीच्या दिवसांत, लंडनमध्ये एका संपादकाचा द्वंद्वात बळी गेला होता. तटस्थ साक्षीदार म्हणता येईल असा यांत कोणीच नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे सारे वाचावे लागते.

पार्श्वभूमी

१८३२ च्या सुधारणा कायद्यापूर्वी संपूर्ण स्कॉटलंडमध्ये पार्लमेंटसाठी मत देण्याचा अधिकार जेमतेम साडेचार हजार माणसांना होता. एडिंबरो शहराचा प्रतिनिधी तेहतीस सदस्यांची नगरपरिषद निवडत असे, आणि ही परिषद आपले वारसदार स्वतःच नेमत असल्यामुळे सामान्य नागरिकाला तिथे काडीचाही वाव नव्हता. अशा ठिकाणी सत्तेविरुद्धचे मत मांडायला दोनच जागा उरतात, एक न्यायालय आणि दुसरी छापखाना. एडिंबरोचे व्हिग वकील दोन्हींचा वापर करत. फ्रान्सिस जेफ्री यांच्या संपादनाखालील ‘एडिंबरो रिव्ह्यू’ १८०२ पासून निघत होता, तर साप्ताहिक वृत्तपत्रांत ‘द स्कॉट्समन’ २५ जानेवारी १८१७ रोजी सुरू झाला होता. या दुसऱ्या पत्राच्या जन्माची हकीगतही बोलकी आहे. शहरातील मोठ्या धर्मार्थ रुग्णालयाच्या कारभारावर टीका करणारा विल्यम रिची या वकिलाचा लेख छापायला एडिंबरोतील एकही पत्र तयार झाले नाही, तेव्हा रिची आणि चार्ल्स मॅक्लारेन यांनी स्वतःचेच पत्र काढले. चार पेनींचा स्टॅम्प कर धरून एका अंकाची किंमत दहा पेन्स होती, म्हणजे मजुराच्या आवाक्याबाहेरची. तरीही त्याचा खप आणि दबदबा वाढत गेला.

त्यानंतरची वर्षे सरकारपक्षाला धास्तीची गेली. १८१९ मध्ये मँचेस्टरमध्ये पीटरलूचे हत्याकांड झाले, म्हणजे सुधारणा मागणाऱ्या सभेवर घोडेस्वार तलवारी घेऊन तुटून पडले, १८२० च्या एप्रिलमध्ये पश्चिम स्कॉटलंडमधल्या विणकरांचा उठाव झाला आणि त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विल्सन, हार्डी आणि बेअर्ड या तिघांना फाशी देण्यात आली. त्याच वर्षी राणी कॅरोलाइनच्या खटल्याने लोकमत राजाच्या विरोधात गेले, आणि डिसेंबरमध्ये एडिंबरोतील एका जाहीर सभेने मंत्रिमंडळ बरखास्त करावे अशी मागणी केली. हे सर्व पाहून शहरातील काही बड्या टोरींनी ‘स्कॉट्समन’ला उत्तर देणारे एक पत्र हवे, असे ठरवले. त्यातूनच ‘बीकन’चा जन्म झाला.

हमीपत्र

आता या प्रकरणाचा गाभा असलेल्या कागदाकडे यावे. पत्र चालवायला पैसा लागतो, आणि नव्या पत्राला तो बँकेकडून मिळवायचा तर जामीन लागतो. ‘बीकन’साठी काही प्रतिष्ठित गृहस्थांनी एका हमीपत्रावर सह्या केल्या आणि तोटा आल्यास ठराविक मर्यादेपर्यंत तो सोसण्याची जबाबदारी घेतली. सह्या करणाऱ्यांत वॉल्टर स्कॉट होते आणि लॉर्ड ॲडव्होकेट सर विल्यम रे हेही होते. लॉर्ड ॲडव्होकेट म्हणजे स्कॉटलंडचा सर्वोच्च सरकारी वकील. फौजदारी खटले त्याच्या नावाने चालतात, आणि त्या काळी तर देशाचा जवळजवळ सारा कारभारच त्याच्या हातून जात असे. राजद्रोही किंवा बदनामीकारक मजकुराबद्दल वृत्तपत्रांवर खटले भरण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तोच एका वृत्तपत्राचा गुप्त जामीनदार होता.

१७९८ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक वृत्तपत्राच्या मुद्रकाचे, प्रकाशकाचे आणि मालकाचे नाव शपथपत्रावर नोंदवावे लागे. मजकुरामागे कोणीतरी पकडता येईल असा माणूस उभा असावा, हा त्यामागचा हेतू. हमीदारांची गोष्ट निराळी. त्यांनी पत्रात काही लिहिले नाही, ते छापले नाही आणि मालकीही सांगितली नाही. त्यांनी फक्त पत्र चालू राहील याची तजवीज केली. लिहिणारे निनावी राहिले, पैसा पुरवणारे अज्ञात राहिले, आणि जगासमोर उरला तो डंकन स्टीव्हन्सन हा मुद्रक. माझ्या मते पुढे जे घडले त्याचे मूळ लेखणीच्या विखारापेक्षा या मांडणीतच अधिक होते. विखारी लेखणी त्या काळी दोन्ही पक्षांकडे होती, आणि ‘ब्लॅकवुड्स’ तर तिच्यावरच वाढले होते.

‘बीकन’ने सुरुवातीपासून माणसांवर व्यक्तिगत हल्ले चढवले. त्यांपैकी एक लक्ष्य म्हणजे डनअर्नचे जेम्स स्टुअर्ट. १७७५ साली जन्मलेले स्टुअर्ट हे एडिंबरोतील वकील, फाइफ परगण्यातील जमीनदार आणि व्हिग पक्षाचे उत्साही कार्यकर्ते होते. स्वभावाने तापट आणि मानापमानाबद्दल फार हळवे, असे त्यांचे वर्णन मित्रही करतात. आपल्यावरच्या मजकुराबद्दल त्यांनी मुद्रकाला जाब विचारला, समाधान झाले नाही, आणि १८२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्टीव्हन्सनला एडिंबरोच्या भर रस्त्यात छडीने मारले. स्टीव्हन्सनने द्वंद्वाचे आव्हान पाठवले. मुद्रक हा आपल्या बरोबरीचा सभ्य गृहस्थ नाही, या कारणावरून स्टुअर्टनी ते नाकारले. मग स्टुअर्ट भित्रे आहेत असे जाहीर करण्यात आले.

येथे थोडे थांबायला हवे, कारण त्या समाजाची प्रतिष्ठेची उतरंड या एका प्रसंगात स्पष्ट दिसते. अपमान करणारा बरोबरीचा असेल तर त्याच्याशी पिस्तुलाने लढायचे आणि कनिष्ठ असेल तर त्याला छडीने मारायचे, असा तो रिवाज होता. खरा लेखक नाव लपवून राहिला की अपमानाची परतफेड त्याच्या वतीने मुद्रकाला अंगावर घ्यावी लागे, आणि तिला उलट उत्तर देण्याचा हक्कही मुद्रकाला नसे. निनावीपणाची किंमत नेहमी सर्वांत खालच्या माणसाने मोजली. कोबर्न यांनी स्टुअर्टची बाजू आपुलकीने मांडली आहे, पण मुद्रकाच्या बाजूने हा विचार त्यांच्या पानांत कुठेही डोकावत नाही, याची खंत वाटते.

स्टुअर्टनी आता वरच्या दिशेने पाहायला सुरुवात केली. त्यांनी लॉर्ड ॲडव्होकेटशी पत्रव्यवहार केला आणि पत्राशी त्यांचा संबंध काय, असे विचारले. त्याच सुमारास जेम्स गिब्सन या दुसऱ्या व्हिग वकिलालाही ‘बीकन’ने डिवचले होते. हमीपत्राचे अस्तित्व उघड झाले, सह्या कोणाच्या ते बाहेर आले, आणि गिब्सन थेट स्कॉटना आव्हान देतील अशी चिन्हे दिसू लागली. हमीदारांनी घाईघाईने हमीपत्र रद्द करून घेतले आणि १८२१ च्या सप्टेंबरात ‘बीकन’ बंद पडले. स्कॉट यांनी विल्यम अर्स्किन या मित्राला लिहिलेल्या पत्रात आपला संताप लपवलेला नाही. आपल्याला इच्छेविरुद्ध या हमीपत्रात ओढले गेले आणि पत्र चालू ठेवायचे की बंद करायचे हे ठरवताना मात्र कोणी विचारलेही नाही, अशी त्यांची तक्रार आहे. आपले मित्र यात मूर्खांसारखे शिरले आणि जवळजवळ भित्र्यांसारखे बाहेर पडले, असा त्यांचा निवाडा होता. हे पत्र लॉकहार्ट यांनी चरित्रात छापले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. सासऱ्यांच्या प्रतिमेला त्याने उजाळा मिळत नाही, हे त्यांना नक्कीच कळत असणार.

ग्लासगोतील हस्तलिखिते

‘बीकन’ विझले तरी त्याची शैली मेली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘ग्लासगो सेंटिनेल’ सुरू झाले आणि पहिल्याच अंकापासून स्टुअर्ट यांच्यावरील मजकूर पुन्हा येऊ लागला. त्यात गद्य पत्रे होती तशीच पद्येही होती. द्वंद्वाला नकार दिल्याचा संदर्भ घेऊन स्टुअर्टना भित्रे ठरवणे हा त्यांचा समान सूर होता. डिसेंबरात आलेले एक व्हिगविरोधी गीत विशेष झोंबणारे होते.

या वेळी स्टुअर्टनी छडी उचलली नाही. त्यांनी प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा लावला, म्हणजे कायद्याचा सरळ मार्ग धरला. रॉबर्ट अलेक्झांडर आणि विल्यम मरे बोर्थविक हे ‘सेंटिनेल’चे भागीदार, आणि त्यांच्यात एव्हाना भांडण जुंपले होते. अलेक्झांडरशी बिनसलेल्या बोर्थविकने, दावा मागे घेतल्यास मूळ हस्तलिखिते दाखवण्याची तयारी स्टुअर्टच्या बाजूला कळवली. १८२२ च्या मार्चमध्ये स्टुअर्ट ग्लासगोला गेले. समोर आलेल्या कागदांवर त्यांनी जे अक्षर ओळखले, ते ऑकिनलेकच्या सर अलेक्झांडर बॉसवेल यांचे होते.

बॉसवेल हे डॉक्टर जॉन्सन यांचे चरित्रकार जेम्स बॉसवेल यांचे थोरले चिरंजीव. तेही १७७५ चेच, स्टुअर्टांच्या वयाचे. त्यांनी ऑकिनलेकच्या वाड्यात स्वतःचा खासगी छापखाना घातला होता आणि दुर्मीळ स्कॉटिश पुस्तकांच्या प्रती ते तिथे पुन्हा छापून घेत. रॉबर्ट बर्न्स यांचे स्मारक डून नदीकाठी उभे राहावे यासाठी त्यांनी पुढाकार घेतला, आणि त्यांची काही स्कॉट्स गीते लोकांच्या ओठांवर राहिली. काही वर्षे ते पार्लमेंटचे सदस्यही होते. १८१९ मध्ये त्यांनी एक विधेयक मंजूर करून घेतले होते आणि द्वंद्वाविरुद्धचे दोन जुने स्कॉटिश कायदे त्यामुळे रद्द झाले होते. जुन्या पुस्तकांवर, जुन्या गाण्यांवर आणि आपल्या भाषेवर इतके प्रेम करणाऱ्या माणसाने स्वतःचे नाव लपवून एका परिचिताची अशी निर्भर्त्सना करावी, हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

त्या वेळी बॉसवेल यांच्या धाकट्या भावाचे निधन झाल्यामुळे ते लंडनला गेले होते. ते परतताच स्टुअर्टच्या वतीने अर्ल ऑफ रॉसलिन त्यांना भेटले. लेखन आपले नाही एवढे त्यांनी सांगावे, त्यांचा शब्द पुरेसा मानला जाईल, किंवा ती एक वाईट थट्टा होती आणि तिचा खेद वाटतो असे म्हणावे, हे दोन पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. बॉसवेल यांनी दोन्ही नाकारले. खोटे बोलायला ते तयार नव्हते आणि कबुली द्यायलाही तयार नव्हते. जॉन डग्लस द्वंद्वासाठी त्यांचे पाठीराखे, म्हणजे सोबतीचे प्रतिनिधी झाले. एडिंबरोच्या दंडाधिकाऱ्याला कुणकुण लागून त्याने दोघांकडून शांतता राखण्याची हमी घेतली, पण ती त्या परगण्यापुरतीच होती. दोन्ही बाजू फोर्थची खाडी ओलांडून फाइफमध्ये गेल्या.

२६ मार्च १८२२ च्या सकाळी ऑक्टरटूल गावाजवळच्या शेतात दोघे समोरासमोर उभे राहिले. बॉसवेल यांनी नेम धरण्याचे टाळले, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात. स्टुअर्टांना पिस्तुलाचा सराव नव्हता, पण त्यांची गोळी बॉसवेल यांच्या खांद्याजवळच्या हाडाला लागली. त्यांना जवळच्या बालम्यूटो येथे, त्यांच्याच कुळातील नातलगांच्या घरी नेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. काही दिवसांपूर्वीच ते एडिंबरोतील कॅसल स्ट्रीटवरच्या घरी स्कॉट यांच्या पंगतीला होते. या मृत्यूचे काही तपशील स्कॉट यांच्या पुढच्या एका कादंबरीतील द्वंद्वाच्या प्रसंगात जसेच्या तसे उतरले आहेत, अशी नोंद लॉकहार्ट यांनी केली आहे.

खटला आणि पार्लमेंट

स्टुअर्ट आधी फ्रान्सला गेले आणि नंतर स्वतःहून खटल्यासाठी परतले. १० जून १८२२ रोजी एडिंबरोच्या उच्च फौजदारी न्यायालयात खुनाच्या आरोपाची सुनावणी झाली. बचावाच्या बाजूला जेफ्री, कोबर्न आणि जेम्स मॉनक्रीफ होते. जेफ्री यांनी स्वतः १८०६ मध्ये आपल्या नियतकालिकातील एका परीक्षणावरून थॉमस मूर या कवीशी द्वंद्वाची तयारी केली होती आणि पोलीस वेळेवर आल्यामुळे ते टळले होते. छापील शब्दावरून माणूस पिस्तुलापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आरोपपत्र मात्र लॉर्ड ॲडव्होकेटच्या अधिकारात आले होते, म्हणजे ‘बीकन’च्या हमीपत्रावर सही करणाऱ्याच सर विल्यम रे यांच्या. ज्युरींनी बाजूच्या खोलीत न जाता एकमताने स्टुअर्टना निर्दोष ठरवले.

कायद्याच्या अक्षराप्रमाणे द्वंद्वातील मृत्यू हा खूनच होता. ज्युरींनी तो तसा मानला नाही, कारण त्यांच्यासमोर आलेले चित्र एका दीर्घ छळाचे होते. स्टुअर्टना दिवाणी दाव्याचा मार्ग खुला होता आणि त्यांनी तो धरलाही होता. लेखकाचे नाव हाती येताच त्यांनी तो का सोडला, हा प्रश्न खटल्यात कोणी फार ताणला नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. दाव्यात प्रकाशकाकडून नुकसानभरपाई मिळाली असती, पण भित्रेपणाचा डाग पुसला गेला नसता. तो डाग त्या समाजात एकाच रीतीने पुसता येत होता, आणि नेमक्या याच जागी बोट ठेवून लिहिणाऱ्याने लिहिले होते.

बोर्थविकचे पुढे काय झाले, हा या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणा भाग आहे. हस्तलिखिते चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडून तुरुंगात टाकण्यात आले आणि अखेरीस खटला पुढे न रेटता सोडून देण्यात आले. स्वतःच्या भागीदारीतल्या छापखान्यातील कागद दाखवल्याबद्दल एका प्रकाशकाला सरकारी वकिलाच्या खात्याने चोर ठरवावे, आणि त्याच खात्याच्या प्रमुखाने पूर्वी अशाच एका पत्राची हमी घेतलेली असावी, ही गोष्ट व्हिग खासदारांना मुकाट्याने सोडणे शक्य नव्हते. २५ जून १८२२ रोजी जेम्स ॲबरक्रॉम्बी यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये लॉर्ड ॲडव्होकेट आणि इतर विधी अधिकाऱ्यांच्या वृत्तपत्रांशी असलेल्या संबंधांची चौकशी करण्याचा प्रस्ताव मांडला. तो अवघ्या पंचवीस मतांनी फेटाळला गेला. स्कॉटलंडच्या कारभाराबाबत सरकारला इतक्या कमी फरकाने जिंकावे लागणे हाच मोठा धक्का होता. त्या चर्चेवरून एडिंबरोतील जॉन होप आणि विल्यम मेंझिस हे दोन वकील ॲबरक्रॉम्बी यांच्यावर बिथरले, पुन्हा द्वंद्वाची भाषा सुरू झाली, आणि सभागृहाने मध्ये पडून दोघांना आपल्यासमोर हजर केले.

पुस्तकांचे वजन

या घटना वाचताना तिन्ही पुस्तकांची एक मर्यादा सतत जाणवते. कोबर्न यांची भाषा सुंदर आहे आणि टोरी सत्तेच्या दडपशाहीचे त्यांनी काढलेले चित्र बव्हंशी खरे आहे, पण व्हिगांच्या अहंकाराकडे ते मवाळपणे पाहतात. लॉकहार्ट हे प्रकरण शक्य तितके आटोपते घेतात. केवळ साक्षी आणि पत्रे देणारा खटल्याचा कोरडा अहवालच सर्वांत विश्वसनीय ठरतो. ब्रिटिश वृत्तपत्रांचा विस्तृत इतिहास म्हणून जेम्स ग्रँट यांचे पुस्तक पुढे गाजले. १८७१-७२ मध्ये ते तीन खंडांत निघाले. ग्रँट हे स्कॉटलंडच्या एल्गिनचे. त्यांनी तिथे तरुणपणी एक पत्रही चालवले होते. तरीही त्यांच्या आराखड्यात पहिल्या दोन खंडांचा भार लंडनच्या दैनिकांवर आहे आणि लंडनबाहेरची पत्रे शेवटच्या खंडात जातात. अशा मांडणीमुळे एडिंबरो हे प्रांतिक शहर ठरते. स्कॉट लोकांच्या इतिहासात मात्र ते राजधानी आहे, आणि तिथल्या वृत्तपत्रांची भांडणे ही राष्ट्राच्या कारभाराची भांडणे आहेत. वृत्तपत्रांचे जुने इतिहास वाचणाऱ्याने शेजारी स्कॉटलंडच्या इतिहासाचे एखादे पुस्तक उघडे ठेवावे, असे मला याच प्रकरणाने शिकवले.

स्टुअर्ट १८२८ मध्ये अमेरिकेला गेले, तीन वर्षांच्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि परतल्यावर लंडनच्या ‘कूरियर’चे संपादक झाले. १८३३ मध्ये त्यांची कारखान्यांचे निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. एडिंबरोची वृत्तपत्रे इतक्यात निवळली नव्हती. १८२९ च्या नोव्हेंबरात ‘स्कॉट्समन’चे मॅक्लारेन आणि ‘कॅलेडोनियन मर्क्युरी’चे संपादक जेम्स ब्राउन हे पत्रांतील वादावरून पिस्तुले घेऊन समोरासमोर आले. गोळ्या झाडल्या गेल्या, कोणालाही लागल्या नाहीत. ब्राउन यांनी नंतरच्या दशकात हायलँड प्रदेशाचा आणि तिथल्या कुळांचा मोठा इतिहास अनेक खंडांत लिहिला. मॅक्लारेन यांनी आपल्या पत्राचे संपादन आणखी बरीच वर्षे केले.